कन्फर्म तिकीट असून आई-बाबांना विमानात घेतलं नाही: किती मागायचं, कसं मागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बंगळुरूला असतात. आई 68 वर्षांची, बाबा 72. दोघं पुण्याहून दिल्लीला संध्याकाळच्या विमानाने निघाले होते. वेब चेक-इन मुलाने घरूनच केलं होतं, पण बोर्डिंग पासवर आसन क्रमांक आला नाही, ‘विमानतळावर मिळेल’ एवढंच आलं. दोघं पावणेदोन तास आधी लोहगावला पोचले. काउंटरवर ‘थोडं थांबा’ सांगितलं, मग ‘फ्लाइट फुल आहे’ सांगितलं. शेवटी एका कागदावर सही घेऊन प्रत्येकी 4,000 रुपयांचं व्हाउचर आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट हातात दिलं. रात्री दोघं टॅक्सी करून कोथरूडला परत. तिकिटात मूळ भाडं प्रत्येकी 4,100 रुपये होतं. हे कायदेशीर आहे का, आणि आता काही करता येईल का?

आधी हिशेब सांगतो. त्यांना प्रत्येकी 8,200 रुपये मिळायला हवे होते. दोघांचे मिळून 16,400. तेही बँकेत किंवा रोख, व्हाउचरमध्ये नाही. आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकली म्हणून कंपनीला कुणी पकडत नाही, ते चालतं. पण वेळेत आलेल्या कन्फर्म प्रवाशाला मागे ठेवायचं आणि त्याचा हक्क काय ते न सांगता स्वस्तात वाटेला लावायचं, हे चालत नाही. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम याबाबतीत बराच स्पष्ट आहे. अडचण नियमाची नाही, तो काउंटरवर पोचतच नाही ही आहे.

माझं बरंचसं आयुष्य विमानतळावर गेलं. चेक-इन काउंटरपासून ड्युटी मॅनेजरपर्यंत, आणि नंतर काही वर्षं जिथे बसून किती आसनं विकायची ते ठरवतात त्या विभागात. म्हणून दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

नियम असा. विमानात जागेपेक्षा जास्त कन्फर्म प्रवासी आले, तर कंपनीने आधी विचारायचं: कुणी स्वखुशीने मागे राहायला तयार आहे का? त्या बदल्यात काय द्यायचं ते कंपनी ठरवते. कुणी तयार झालं नाही आणि एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध थांबवावं लागलं, की भरपाई सुरू होते. मूळ वेळेपासून तासाभराच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही मिळत नाही. चोवीस तासांच्या आत सुटणाऱ्या विमानात बसवलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून जी रक्कम होते तिच्या 200 टक्के, कमाल 10,000 रुपये. चोवीस तासांनंतरचं विमान दिलं तर 400 टक्के, कमाल 20,000. आणि प्रवासी म्हणाला की मला आता तुमचं विमानच नको, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर 400 टक्के, तीच 20,000 ची मर्यादा. तुमच्या आई-बाबांना दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं, म्हणजे ते 200 टक्क्यांच्या खान्यात बसतात. 4,100 दुणे 8,200.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हिशेब मूळ भाड्यावर (आणि इंधन अधिभार लावला असेल तर त्यावर) होतो, तिकिटाच्या एकूण किमतीवर नाही. विमानतळ शुल्क, कर, आसन निवडायचे पैसे हे त्यात येत नाहीत. त्यामुळे स्वस्तात तिकीट काढणाऱ्याला भरपाईही कमी मिळते आणि कंपनीच्या दृष्टीने त्याला मागे ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं. हा योगायोग नाही. कुणाला थांबवायचं हे ठरवताना संगणक भाड्याचा वर्ग बघतो, नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेत तुमची पायरी कोणती ते बघतो, पुढे जोडविमान आहे का ते बघतो, चेक-इन कधी केलं ते बघतो. दोन महिने आधी स्वस्तात घेतलेलं तिकीट, योजनेचं सभासदत्व नाही, पुढे जोडविमान नाही, म्हणजे यादीत सगळ्यात खाली. वर्षातून एकदा लेकीकडे जाणारे आई-वडील या यादीत नेमके तळाला सापडतात. पुढे काउंटरवरचा माणूस त्यात स्वतःची एक चाळणी लावतो: कोण भांडणार नाही?

आता जास्त तिकिटं विकतात कशाला, हे न सांगता पुढे गेलो तर उत्तर अर्धवट राहील. लग्नात पत्रिका पाचशे वाटतात आणि पानं चारशेचीच सांगतात, त्यातलाच हा प्रकार. कन्फर्म तिकीट घेतलेले सगळे येत नाहीत. मीटिंग लांबते, मूल आजारी पडतं, चांदणी चौकात तासभर अडकायला होतं. रिकामं गेलेलं आसन पुन्हा विकता येत नाही.

180 आसनांचं विमान धरा आणि प्रत्येक प्रवासी न येण्याची शक्यता 5 टक्के धरा. 184 तिकिटं विकली तर 180 पेक्षा जास्त लोक येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे पन्नास फेऱ्यांत एखादी. आता आणखी फक्त दोन तिकिटं विका, 186. तीच शक्यता उडी मारून साधारण 9 टक्क्यांवर जाते, म्हणजे दर अकराव्या फेरीला गेटवर कुणीतरी उभं राहणार. दोन तिकिटांचं उत्पन्न आणि एवढा फरक. आसनविक्रीच्या विभागातली सगळी भांडणं याच दोन-चार तिकिटांवरून होतात, कारण उत्पन्न त्या विभागाच्या खात्यात दिसतं आणि गेटवरचा तमाशा विमानतळाच्या.

हे गणितही कागदावरचं. त्यात प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही असं धरलेलं असतं. खरं तसं नसतं. कुटुंब येतं तर सगळं येतं. वऱ्हाडाची बस अडकली तर तीस जण एकदम गळतात. आणि गणपतीच्या आधीचे दोन दिवस, दिवाळीचा आठवडा, जोडून सुट्टी आली की गोव्याची विमानं, या दिवशी न येणारे जवळजवळ नसतातच. वर्षभराच्या सरासरीवर बेतलेला आकडा त्या दिवशीही तसाच ठेवला की फजिती ठरलेली. शहाणी कंपनी अशा दिवशी जादा विक्री शून्यावर आणते. सगळ्याच शहाण्या नसतात.

खरं सांगायचं तर आपल्याकडे प्रवासी मागे राहतात त्यात या गणिताचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नाही. स्वस्त तिकिटं रद्द केली की फारसं काही परत मिळत नाही, त्यामुळे लोक चुकवत नाहीत. मोठं कारण म्हणजे विमान बदलणं. सव्वादोनशे-दोनशेतीस आसनांचं ए321 जाणार होतं, त्यात सकाळी बिघाड निघाला, जागी 180 किंवा 186 आसनांचं ए320 आलं. एका झटक्यात चाळीसेक माणसं जास्त. किंवा विमान तेच, पण काही आसनं मोडलेली. 6 सप्टेंबर 2024 ला अकासा एअरच्या बंगळुरू-पुणे विमानाचं हेच झालं. ठरलेलं विमान जाऊ शकलं नाही, बदली विमानातली नऊ आसनं नादुरुस्त होती आणि सात प्रवासी बंगळुरूला राहिले. त्यांना रात्री दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पाठवलं, पण ते तासाभराच्या मुदतीत बसत नव्हतं आणि भरपाई दिली गेली नव्हती. डीजीसीएने त्या डिसेंबरमध्ये कंपनीला 10 लाखांचा दंड केला. म्हणजे ‘आम्ही जादा विक्री केलीच नव्हती, विमान बदललं’ हे सांगून सुटका होत नाही. तुम्हालाही हेच उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. आलं तर हे प्रकरण त्यांना लेखी आठवण करून द्या.

दंडाची बातमी वाचून लोकांना वाटतं प्रश्न मिटला. जून 2022 मध्ये एअर इंडियालाही असाच 10 लाखांचा दंड झाला होता. डीजीसीएने बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीला तपासण्या केल्या तेव्हा आढळलं की लोकांना मागे ठेवतात आणि भरपाईचं नीट धोरणच नाही. दंड सरकारजमा होतो. तुमच्या आईच्या खात्यात त्यातला रुपया येत नाही. तो मागावाच लागतो.

स्वखुशीने थांबायला विचारायची पद्धत कुठून आली ते सांगण्यासारखं आहे, कारण ती नीट केली तर या सगळ्या भानगडी होतच नाहीत. अमेरिकेत ज्युलियन सायमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1968 मध्ये सुचवलं की ज्याला थांबवायचं तो कंपनीने निवडू नये, प्रवाशांनाच विचारावं की कितीला थांबाल, आणि सगळ्यात कमी मागणाऱ्याला तेवढे देऊन थांबवावं. कंपन्यांनी थट्टा केली. दरम्यान 1972 मध्ये ग्राहक हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांना वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जाणाऱ्या अॅलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात घेतलं नाही. विमानात न घेण्यासाठी कंपनीने याहून चुकीचा माणूस शोधून सापडला नसता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1976 मध्ये न्यायालयाने म्हटलं की जादा तिकिटं विकल्याचं प्रवाशाला न सांगणं ही फसवणूक ठरू शकते आणि त्यासाठी सरळ दावा करता येतो. पुढे आल्फ्रेड कान तिथल्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना 1978 च्या सुमारास सायमन यांची कल्पना नियमात आली. आज अमेरिकेत गेटवर ‘दोनशे डॉलर, कुणी? तीनशे, कुणी?’ असं चालतं ते तेव्हापासून.

आणि हा लिलाव अर्ध्यावर सोडला की काय होतं ते सगळ्या जगाने 9 एप्रिल 2017 ला पाहिलं. शिकागोहून लुइव्हिलला निघालेलं युनायटेड एक्सप्रेसचं 3411 क्रमांकाचं विमान. प्रवासी आत बसलेले. ऐन वेळी कंपनीला आपले चार कर्मचारी लुइव्हिलला न्यायचे होते, दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी. आधी 400 डॉलर देऊ केले, मग 800. कुणी उठलं नाही. तिथे थांबले आणि संगणकातून चार नावं काढली. चौथा 69 वर्षांचा डॉक्टर, म्हणाला उद्या माझे रुग्ण आहेत, मी उतरणार नाही. विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्याला ओढत बाहेर काढलं. नाक मोडलं, पुढचे दोन दात गेले. बाकीचे प्रवासी हे फोनवर चित्रित करत होते.

त्या विमानात जादा विक्री झालीच नव्हती. आणि सक्तीने उतरवलं तर द्यावी लागणारी कमाल रक्कम त्या वेळी 1,350 डॉलर होती, तरी बोली 800 वर थांबवली. हजार म्हटलं असतं तर कुणीतरी उठला असता, असं माझं ठाम मत आहे. गेटवरच्या माणसाला पुढचा आकडा उच्चारायचा अधिकार नव्हता किंवा तो वापरायची सवय नव्हती, एवढंच. त्यानंतर युनायटेडने स्वखुशीने थांबणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत द्यायची मुभा दिली, साउथवेस्टने जादा विक्रीच बंद केली आणि 2018 च्या कायद्याने विमानात चढलेल्या प्रवाशाला जागा नाही म्हणून उतरवणं बंद झालं.

आपल्याकडे हा लिलाव कागदावर आहे, गेटवर नाही. मी पाहिलेला नेहमीचा प्रकार असा. रात्रीचं विमान, चार प्रवासी जास्त. गर्दीत एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत भरभर घोषणा होते, त्यात रक्कम सांगत नाहीत, ‘इच्छुक प्रवाशांनी काउंटरशी संपर्क साधावा’ एवढंच. कुणी येत नाही. येणार कसं? कशासाठी यायचं ते सांगितलंच नाही. रांगेत पाठीला सॅक लावलेली कॉलेजची तीन-चार पोरं हमखास असतात. त्यांना ‘सहा हजार आणि सकाळचं तिकीट’ म्हटलं तर ती एकमेकांना ढकलत पुढे येतील. पण सहा हजार म्हणायला कंपनीच्या विमानतळावरच्या माणसांना मुभा नसते. मुभा असते व्हाउचरची, तीही ठरावीक रकमेपर्यंत. मग ती पोरं विमानात बसतात आणि मागे राहतात तुमचे आई-बाबा, ज्यांना दिल्लीत उतरवून घ्यायला रात्री अकराला जावई उभा आहे.

त्यानंतर जे होतं ते पैसे वाचवण्यासाठी होतं. एक, ताटकळत ठेवणं. ‘थोडं थांबा, बघतो’ म्हणत बाजूला बसवायचं आणि काउंटर बंद झाल्यावर नोंद करायची की प्रवासी वेळेत आलाच नाही. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. नो-शो नोंदवला की भरपाईचा प्रश्नच उरत नाही, कारण नियम वेळेत हजर झालेल्यालाच लागू आहे. दोन, कागद. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मी स्वखुशीने दुसरं विमान स्वीकारत आहे आणि माझी काही तक्रार नाही. ‘इथे सही करा, म्हणजे सकाळचं तिकीट देता येईल.’ सही केली नाही तर तिकीट मिळणार नाही असं वाटून माणूस सही करतो. खरं तर पुढचं विमान हा हक्क आहे, सहीचं बक्षीस नाही. तीन, कारण बदलणं. ‘ऑपरेशनल रीझन’ हा शब्द काउंटरवर कशालाही लावतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हवामान-बिवामान असेल, यांचा काय दोष.

वयस्कर माणसांच्या बाबतीत चौथाही प्रकार असतो आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. त्यांच्याशी कुणी नीट बोलतच नाही. ‘अंकल, आप उधर बैठिए.’ तासाभरात चारदा हेच. काय चाललंय, आपण जाणार की नाही, मुलाला फोन करून काय सांगायचं, काहीच कळत नाही. बाबा उठून विचारायला गेले की त्यांना वाटतं आपण त्रास देतोय. पैशांपेक्षा हा अपमान लोकांच्या लक्षात राहतो, आणि तुमच्या प्रश्नातही तो दिसतोच.

काउंटरवरच्या पोरांबद्दल दोन शब्द, कारण सगळा राग त्यांच्यावर निघतो. त्यांतले पुष्कळ जण कंपनीचे नसतातच, ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटावर असतात. पगार तुटपुंजा, रोजचे शिव्याशाप. किती तिकिटं जास्त विकली हे त्यांना ठरवता येत नाही, किती पैसे द्यायचे तेही नाही. त्यांच्यावर ओरडून काही हाती लागत नाही. ड्युटी मॅनेजरला बोलवा, एवढंच त्यांना सांगायचं, आणि तो येईपर्यंत काउंटर सोडायचा नाही. तो येतो. विमान सुटायच्या आधी आलाच पाहिजे अशी त्याची नोकरी असते.

आता तुमचं प्रकरण. सगळ्यात आधी कागद गोळा करा. त्या बिनआसनाच्या बोर्डिंग पासला कमी लेखू नका. त्यावर एक अनुक्रमांक असतो, सिक्वेन्स नंबर म्हणतात त्याला. तो चेक-इन झाल्याशिवाय पडत नाही. म्हणजे ‘चेक-इनच झालं नव्हतं’ असं कंपनी म्हणाली तर हा कागद आडवा येतो. वेळेत पोचल्याचा पुरावा मात्र वेगळा लागतो. पास मोबाइलवर असेल तर आज स्क्रीनशॉट काढून ठेवा, अॅपमधून जुने पास जातात. विमानतळाच्या दारावर सीआयएसएफ तिकीट-ओळखपत्र बघून आत सोडते, डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं अॅप) वापरलं असेल तर आणखी चांगलं. टॅक्सीच्या पावत्यांवर वेळ असते, जाण्याचीही आणि रात्री परत येण्याचीही. बाबांनी तुम्हाला त्या वेळात केलेले फोन, व्हॉट्सअॅपवर टाकलेला एखादा फोटो, सगळं ठेवा. व्हाउचर वापरू नका. ते वापरलं की तुम्ही तडजोड मान्य केली असं त्यांना म्हणता येतं.

सही केली म्हणजे संपलं असं नाही. हक्काची रक्कम न सांगता, दुसरा पर्याय न ठेवता घेतलेली सही ग्राहक आयोगासमोर फार टिकाव धरत नाही. 8,200 मिळतात हे माहीत असताना कुणी 4,000 चं व्हाउचर स्वखुशीने घेईल का, हा साधा प्रश्न तिथे विचारायचा.

कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करा, त्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर द्यावाच लागतो. ईमेल लांबलचक नको, अपमानाचं वर्णन पहिल्या पत्रात नको. पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, विमानतळावर पोचल्याची वेळ, कुठल्या विमानाने आणि किती वाजता पाठवलं, आणि एक वाक्य: डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक नियमावलीतल्या विभाग 3, मालिका एम, भाग 4 प्रमाणे प्रत्येकी 8,200 रुपये बँक खात्यात जमा करावेत, व्हाउचर आम्ही परत करत आहोत. खाली तीन प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर मागा: त्या विमानाची किती तिकिटं विकली होती, विमान बदललं होतं का, स्वखुशीने थांबणाऱ्यांसाठी घोषणा केव्हा केली आणि किती रक्कम देऊ केली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा येत नाही. ते न येणं पुढे तुमच्याच कामाला येतं.

उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही कामाचा आहे, तिथे नोंद झाली की कंपनीचा सूर पुष्कळदा बदलतो. बऱ्याच प्रकरणांत पैसे याच टप्प्यावर येतात.

नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे आई-बाबांना पुण्यातच. दिल्ली किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायला नको. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षं. आणि डीजीसीएची 10,000 ची मर्यादा ही त्या नियमापुरती आहे. सेवेतली त्रुटी, मनस्ताप, टॅक्सीचा खर्च, बुडालेला कार्यक्रम यांची वेगळी मागणी आयोगाकडे करता येते. फार मोठी रक्कम लिहू नका. दोन वयस्कर माणसांना रात्री परत पाठवलं यासाठी वाजवी आकडा मागितला तर तो गांभीर्याने घेतला जातो, पाच लाख मागितले की तारखा पडत राहतात.

परदेशातली लेकरं असलेल्यांसाठी थोडं, कारण हा प्रश्न तिकडूनही येतो. युरोपीय संघातून सुटणारं कुठलंही विमान असेल तर त्यांचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम लागू होतो, मग कंपनी भारतीय असो वा कुणाची. फ्रँकफर्टहून मुंबईला निघताना सक्तीने थांबवलं तर 600 युरो, भाडं कितीही कमी असलं तरी. उलट दिशेने, मुंबईहून फ्रँकफर्टला, तो फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागतो. लंडनहून मुंबईसाठी 520 पौंड. तिथे जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल हाही हक्कच, आणि व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते. अमेरिकेतून निघताना 2025 पासून मर्यादा 1,075 आणि 2,150 डॉलर आहे, किती उशीर होतो त्यावर. तिकीट स्वस्त असलं तरी माणसाचा वेळ तेवढाच जातो, हे युरोपच्या नियमाने ओळखलं. आपल्या नियमाने अजून ओळखलेलं नाही, आणि तो बदलावा असं मला वाटतं. ठरावीक रक्कम ठेवली की सगळ्यात गरीब प्रवाशाला मागे ठेवणं स्वस्त पडणार नाही.

पुढच्या वेळी बोर्डिंग पासवर आसन आलं नाही तर ती धोक्याची घंटा समजा. आसनाचे तीन-चारशे रुपये त्या दिवशी भरून टाका, विशेषतः आई-वडील एकटे जात असतील तर. मला ते भरणं पटत नाही, पण यादीतल्या तळाच्या नावांतून ते बाहेर पडतात. काउंटरवर ‘थांबा’ म्हटलं की घड्याळासह फलकाचा फोटो काढायला बाबांना सांगा, आणि एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘आम्ही स्वखुशीने थांबत नाही, डिनाइड बोर्डिंग (विमानात घेतलं नाही) असं लिहून द्या.’ हे वाक्य ऐकलं की काउंटरवरचा माणूस मान वर करून बघतो. त्याला कळतं की यांना माहीत आहे.

आणि हे आजच करा. आई-बाबांचं परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर उघडून बघा. त्या संध्याकाळची नोंद नो-शो म्हणून झाली असेल तर पुढचा प्रवास संगणक आपोआप रद्द करू शकतो, आणि ते कळतं परतीच्या दिवशी दिल्लीच्या काउंटरवर. तिकीट रद्द दिसलं तर लगेच फोन करून पूर्ववत करून घ्या, संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीला जोडायला त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही.